बियाणे विकू नका

फराळाच्या ताटापुढे यंत्रबुद्धीचे गुऱ्हाळ कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा पाहुणा आता घरोघर येऊन बसला आहे. त्याचे कूळ विचारण्याचा घरच्या मंडळींना हक्क आहे.

हे कूळ कारखान्याचे नव्हे, विद्यापीठाचे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात १९९३ साली योशुआ बेंजिओ या प्राध्यापकाने एक लहानशी प्रयोगशाळा काढली. तीच पुढे 'मिला' ही संस्था झाली. मेंदूतील पेशींसारखे जाळे गणितात विणायचे आणि उदाहरणे गिरवून घेऊन यंत्राला शहाणे करायचे, ही तिची कल्पना. कैक वर्षे विद्वानांच्या पंगतीत या कल्पनेला पाट मिळेना. बड्या कंपन्या तेव्हा कोठे होत्या? दिव्यात तेल घातले ते विद्यापीठाने आणि कर भरणाऱ्या लोकांनी.

मग पीक आले. भाषांतर करताना मूळ वाक्यातील नेमक्या कोणत्या शब्दाकडे लक्ष द्यायचे, हे यंत्राला शिकवण्याची युक्ती २०१४ साली बाहदानाऊ, चो व बेंजिओ यांनी याच प्रयोगशाळेतून मांडली. २०१६ साली गूगलने ती आपल्या भाषांतरयंत्रात आणली आणि २०१७ साली नवे यंत्र मराठीही बोलू लागले. त्याच वर्षी कॅनडा सरकारने अशा तीन शहरांतील संस्थांसाठी साडेबारा कोटी डॉलर जाहीर केले. २०१९ साली 'मिला' नव्या वास्तूत गेली. आज तेथे हजारावर संशोधक आहेत.

खळ्यावर रास पडली, की व्यापारी येतातच. याच प्रयोगशाळेने 'थिआनो' हे साधन घडवून जगाला फुकट दिले होते. कंपन्यांची बलाढ्य साधने आली, तेव्हा २०१७ साली त्याचे काम आवरते घेतल्याचे जाहीर झाले. २०१६ साली त्याच शहरात 'एलिमेंट एआय' ही कंपनी निघाली. बेंजिओ तिच्या संस्थापकांत होते. क्वेबेक सरकारचाही पैसा तिच्यात पडला. २०२० साली ती एका अमेरिकन कंपनीला विकली गेली. पेरणी रयतेची, आणि मळणी कोणाची?

"कंपन्यांवाचून एवढी महागडी यंत्रे कोण देणार?" असे शहाणे विचारतात. घ्यावा की त्यांचा पैसा! पण अटी विद्यापीठाच्या हव्यात: विद्या उघडी राहील, आणि गुरू वर्गात राहील. २०१३ साली हिंटन यांनी एक पाऊल गूगलमध्ये टाकले, लकून यांनी फेसबुकमध्ये; २०१८ सालचे ट्युरिंग पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांतले बेंजिओ तेवढे विद्यापीठातच ठाण मांडून राहिले. शिष्यांचा मळा फुलला तो त्यामुळे, इमारतीमुळे नव्हे. शिष्य बाहेर जावेत, अवश्य जावेत. मास्तराला त्याचा आनंदच असतो. परंतु मास्तरच उचलून नेला, तर पुढल्या वर्षी पेरायचे काय?

आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२५ साली असे विद्यापीठ काढण्याच्या विचारासाठी समिती नेमली आहे. आनंद आहे. मात्र कोनशिलेचा नारळ फोडण्यापूर्वी किती मजले बांधणार, हे आम्हांस सांगू नका. वीस वर्षे पीक आले नाही, तरी वर्गातला दिवा तेवत ठेवाल काय, एवढेच सांगा.