मेश वाय-फाय स्वस्तातलं घ्या, पण वायर टाका

पुण्याच्या येरवड्यात आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगरच्या गल्ल्यांतले छोटे गाळे एकमेकांपासून फार लांब नाहीत. बड्या कंपनीकडे नेटवर्क सांभाळायला स्वतंत्र माणसं असतात. गल्लीतला झेरॉक्सवाला, दवाखाना किंवा शिकवणीचा क्लास मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो. फायबरचा डबा दाराजवळ बसवलेला असतो, मागच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर रेंज येत नाही, आणि मग एकमेकांशी जोडून रेंज वाढवणाऱ्या तीन डब्यांचा महागडा मेश संच गळ्यात पडतो. एका खोलीच्या दुकानाला तर मेशची गरजच नसते. राउटर कोपऱ्यातून काढून मध्यभागी, उंचावर लावला तरी बहुतेक काम भागतं. ज्यांना खरोखर दोन-तीन खोल्या किंवा दोन मजले जोडायचे आहेत, त्यांनी स्वस्तातला दोन डब्यांचा संच घ्यावा आणि वाचलेल्या पैशातून त्या दोन डब्यांमध्ये वायर टाकून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोक्यावरचे आकडे इथे दिशाभूल करतात. 'एएक्स ३०००' याचा अर्थ ३००० एमबीपीएस वेग मिळेल असा नाही, साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ एमबीपीएस हे दोन कागदोपत्री वेग मिळवून, बेरीज वरच्या पूर्ण शेकड्यापर्यंत नेऊन तो आकडा छापलेला असतो. कोणताही एक फोन ही बेरीज वापरू शकत नाही. त्यातून दुहेरी पट्ट्याच्या स्वस्त मेशमध्ये दुसरा डबा पहिल्याशी बोलतो तेही बहुधा त्याच ५ गिगाहर्ट्झवरून, म्हणजे ग्राहकाचा फोन आणि डब्यांचं आपसातलं बोलणं एकाच वाटेत येतं आणि वेग निम्म्यावर येऊ शकतो. स्लॅब आणि जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी आणखी अडवतात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बरा जातो, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. दाट वस्तीत शेजारच्या प्रत्येक घराचा राउटर त्यांवरच गर्दी करतो. कॅट ६ वायर यातल्या कशालाच जुमानत नाही. १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट वेग बिनधोक नेते आणि दोन्ही डब्यांची पूर्ण ताकद ग्राहकांसाठी मोकळी राहते.

गाळा भाड्याचा आहे, मालक भिंत फोडू देत नाही, ही अडचण खरी आहे. पण भिंतीच्या कडेने प्लास्टिकची पट्टी लावून वायर नेता येते आणि जागा सोडताना काढूनही घेता येते. अगदीच शक्य नसेल, तरच डब्यांच्या संवादाला वेगळा पट्टा देणाऱ्या महाग संचावर खर्च करण्यात अर्थ आहे. दुसरा आक्षेप भविष्याचा: आजच वाय-फाय ७ का घेऊ नये? त्याचा खरा फायदा ६ गिगाहर्ट्झवर मिळतो, आणि त्या पट्ट्याचा खालचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदाच आपल्याकडे मे २०२५ मध्ये आला. शिवाय फोन आणि बिलाचं मशीन जुनं असेल, तर नवा डबा त्याला वेगवान करू शकत नाही. आज टाकलेली वायर मात्र उद्याच्या डब्यालाही चालेल. बचत कुठे करू नये, तेही सांगायला हवं: ग्राहकांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क आणि सुरक्षेचे नियमित अपडेट नसलेला डबा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, कारण त्याच वाय-फायवर तुमचा हिशेब आणि रुग्णांची माहिती असते.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: प्रत्येक डब्याला गिगाबिट पोर्ट आहे का, आणि हे डबे वायरने जोडता येतात का. दोन्हींचं उत्तर 'हो' नसेल, तर तो संच घेऊ नका.