बुटाचा तळ पाहा!

आमच्या धाराशिवात बर्फ म्हणजे रसवंतीतला. फार तर २०१४ च्या गारपिटीत शेतांत साचलेला गारांचा सडा. पण आता आमची पोरे भर डिसेंबरात उत्तरकाशीकडच्या केदारकंठ्यावर जातात. जावोत बापडी! माझे भांडण जाण्याशी नाही, पायांतल्या बुटांशी आहे.

माझा एक विद्यार्थी महागडे बूट घालून गेला आणि मनगट मोडून परतला. दुकानदाराने म्हणे सांगितले होते, "हा बूट कुठेच घसरत नाही!" वाचकहो, असा बूट जगात नाही. १९३५ साली आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने खोल खाचांचा रबरी तळ काढला. तो खडक धरतो, मऊ बर्फात रुततो. पण पहाटे गोठून काचेसारख्या झालेल्या वाटेवर रुतणार कशात? तिथे पोलादच हवे: बुटावर ताणून चढवायची दातेरी साखळी. उघडा खडक लागला की ती काढावी, नाहीतर तीच पाडते. उभ्या, कठीण बर्फावर तीही अपुरी. तिथे लांब दातांचे क्रॅम्पॉन हवेत, आणि त्यांना कडक तळाचा बूट.

"नळदुर्गाचा बुरूज आम्ही चपलांनी चढलो," म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचाही मला राग येतो. अहो, चढलात, पण तो दगड होता! आणि बुटांना हजारो रुपये मोजणारे हात साखळीच्या भाड्यापाशीच का आखडतात? पायथ्याच्या सांक्री गावात ती भाड्याने मिळते. पोराने तिथून फोन करून मला विचारलेही होते. "बूट नवे आहेत ना, मग कशाला?" असे मीच म्हणालो.