चुलीवरच्या मटणाचं कौतुक पुरे

पुण्याहून नगरला निघालं आणि वाघोलीची कोंडी एकदाची सुटली, की पाट्या सुरू होतात. ‘चुलीवरचं मटण’. ‘अस्सल चुलीवरचं’. ‘गावरान बोकड थाळी, चुलीवर’. शिरूर सोडून सुप्याला पोचेपर्यंत किती होतात ते मी एकदा मोजायला घेतलं आणि रांजणगावच्या आतच नाद सोडला. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात अजून ‘नगर’च म्हणतात, तर मीही तेच लिहितो.)

यातल्या एका ढाब्यावर मी कायम थांबायचो. आता थांबत नाही. तुम्ही जरूर थांबा, फक्त ऑर्डर देण्याआधी एकदा मागच्या बाजूला जाऊन या.

पुढं बाज, कंदील, रंगवलेलं बैलगाडीचं चाक, सेल्फीची सोय. मागं पत्र्याची शेड, तीन चुली आणि भाकरी थापणाऱ्या दोन बायका. गेल्या आखाडात हात धुवायला म्हणून मी तिकडं गेलो. बाहेर भुरभुर पाऊस, लाकडं ओली, त्यामुळं जाळ कमी आणि धूर जास्त. तो पत्र्याला लागून परत खाली येत होता. दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यातली एक जण म्हणाली, “दादा, तुमी बाहेर व्हा. तुमाला सवय न्हाय.”

मालकाला विचारलं, धुराडं का नाही बसवत? तो हसला. “धूर दिसल्याबिगर गिऱ्हाईक गाडी लावतंय व्हय?”

माणूस खोटं बोलत नव्हता. मी स्वतः धूर बघूनच गाडी लावत आलो होतो.

आता माझं पाप सांगतो. त्याच्या आदल्या आखाडात मी गावी, पारनेर तालुक्यात, आजीची रील काढली होती. तीन दगडांची चूल, वर पातेलं, आजी फुंकणीनं जाळ फुंकतेय, मागून सकाळचं तिरपं ऊन धुरात उतरलंय. काय फ्रेम होती! मधेच आजीला ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना. एडिट करताना तो भाग मी कापला. आवाज काढून टाकून वर बासरी लावली. खाली कमेंट पडल्या: ‘गॅसवर ही चव नाही’, ‘हे खरं सुख’, ‘आजी म्हणजे प्रेम’. माझ्या एवढ्या वर्षांच्या कोडला कुणी इतकी दाद दिली नव्हती.

त्याच थंडीत आजीला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, बिडी, तंबाखू, मिसरी? यातलं तिनं कधीच काही केलेलं नाही. मग विचारलं, चूल? आजी म्हणाली, लग्न झाल्यापासनं. तिला एका यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला सांगितलं. पन्नास-पंचावन्न वर्षं फुंकणी फुंकलेल्या बाईला ती नळी नीट फुंकता आली नाही. तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा माझ्याकडं बघून ओशाळं हसली. निदान सीओपीडी. गावात याला ‘दमा’ म्हणतात आणि वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

हे आमच्याच घराचं नशीब नाही. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं, की जगाचा विचार केला तर सीओपीडीचं सगळ्यात मोठं कारण सिगारेट नसून लाकूड-गोवऱ्यांचा धूर असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं गेली. आणि आपण त्याच धुराला फिल्टर लावून कॅप्शन शोधतोय.

“पण चव?” हा प्रश्न येणारच. मलाही तोच पडला होता, म्हणून मी तो माझ्या पद्धतीनं सोडवायला घेतला.

आमच्याकडं मटण कसं शिजतं ते बघा. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून अळणी शिजवायचं. पातेल्यावर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. ते तापलं की तेच आत घालायचं. म्हणजे दीड-दोन तास पातेलं पाण्याच्या झाकणानं बंद असतं. सांगा बरं, धूर आत शिरतो कुठून? तो जातो फुंकणाऱ्याच्या नाकात. बोकडाच्या मांसाला चव येते ती मंद आचेवर चिवट कोलॅजन हळूहळू विरघळून रस्सा दाट होतो त्यानं. आणि मुळात बोकडानं. संगमनेरी शेळी ही जात आमच्याच जिल्ह्यातल्या तालुक्याच्या नावानं ओळखली जाते, राहुरीच्या कृषी विद्यापीठात तिच्यावर काम चालतं. श्रेय तिला द्या, काट्याकुट्यांत फिरून पाला खाण्याला द्या. चुलीला कशाला?

तर एका रविवारी एकाच बोकडाचं मटण दोन सारख्या पातेल्यांत घातलं. एक चुलीवर, एक गॅसवर मंद आचेवर. वाटण एकच: अख्खे कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्या विस्तवात भाजून, घरचा काळा मसाला घालून केलेलं. पाच जणांना न सांगता वाढलं. मामा छातीठोकपणे म्हणाले, “हे चुलीवरचं.” ते गॅसवरचं निघालं. पुढच्या वेळी कांदा-खोबरं तव्यावर तेलात परतलं, तेव्हा मात्र पाचही जणांनी लगेच ओळखलं की काहीतरी कमी आहे. पाच माणसांची चाचणी म्हणजे शास्त्र नव्हे, हे मान्य. पण धुराची चव येते ती वाटणातून, आणि कांदा भाजायला दहा मिनिटं लागतात, हे मला त्यातून पटलं. त्या दहा मिनिटांसाठी कुणाला दोन तास चुलीपुढं बसवायची गरज नाही.

भाकरीचं वेगळं आहे, हे कबूल करतो. भाकरी तव्यावरून उतरून विस्तवाशेजारी उभी राहते, फुगते, तिला खरोखर चुलीचा वास लागतो. पण त्यासाठी एका माणसानं हातभर अंतरावर उकिडवं बसून राहावं लागतं. तो माणूस कोण असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. जत्रेला आमच्याकडं बोकड पुरुष शिजवतात. मोकळ्या रानात, मोठ्या पातेल्यात, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं राहून. वर्षातून एक दिवस, आणि “काय मटण झालंय राव!” हे वर्षभर पुरतं. त्याच दुपारी छपरात बसून शंभर-दीडशे भाकरी थापणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही.

आणि ‘गावरान’ म्हणून आपण नेमकं काय उचलतो तेही बघा. मांस टिकवायची खरी जुनी रीत हवी असेल तर मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. फ्रीज नसलेल्या, वर्षातून मोजक्या वेळा मांस मिळणाऱ्या घरांची ती तरतूद होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची नोंद केलीय. हायवेच्या एकाही पाटीवर मी ‘चान्या’ हा शब्द वाचलेला नाही. गरिबीतला धूर आपल्याला हवा, गरीब नको.

काही मित्र म्हणतील, ढाब्यांवरच्या बायकांच्या पोटावर पाय देऊ नकोस. उलट, मी म्हणतो मजुरी वाढवा. चूलसुद्धा ठेवा. फक्त धुराडं बांधा, शेडच्या दोन बाजू मोकळ्या सोडा, लाकडं कोरडी ठेवा. यात रॉकेट सायन्स नाही. निर्धूर चुली आपल्याकडं १९८० च्या दशकापासून सरकार वाटत होतं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत काढली आणि तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. नगर जिल्ह्यात पाचट किती निघतं ते काय सांगायचं! बरंचसं आपण फडातच पेटवून देतो.

घरात गॅस आला, हेही खरं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. पण सिलिंडरचा भाव ऐकून आमच्या शेजारच्या काकू त्यावर फक्त चहा करतात. भाकरी, अंघोळीचं पाणी आणि अर्थातच मटण चुलीवर. काकूंना कुणी रील दाखवायला नको. त्यांची अडचण पैशाची आहे. आपण मात्र तिला संस्कृती म्हणून लाइक करतो.

मला स्वतःला धुराचा वास आवडतो. खोटं कशाला बोलू? म्हणून खराडीच्या फ्लॅटमध्ये मी धुरी देतो. मटण गॅसवर शिजवायचं, कांदा-खोबरं बर्नरच्या जाळावर काळं होईपर्यंत भाजायचं. शेवटी करवंटीचा कोळसा लाल करून छोट्या वाटीत ठेवायचा, ती वाटी पातेल्यात तरंगती सोडायची, वर चमचाभर तूप, आणि झटकन झाकण. पाच मिनिटं. जास्त ठेवलं तर कडवट होतं. हे बाल्कनीतच करा. बंद खोलीत निखारा ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मागच्या महिन्यात आजी तपासणीसाठी आली होती. तिला आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि बाल्कनीत धुरी दिली. पंप घेऊन झाल्यावर ती जेवायला बसली. दोन घास झाल्यावर मी विचारलं, “कसं झालंय?”

“झालंय की चांगलं,” ती म्हणाली. मग भाकरी उचलून उजेडात धरली. “पण ही कुणी थापली? कडा किती फाटल्यात.”

मी थापली होती.