खाऱ्या तळ्यात मासे किती असावेत?

अलिबाग-पेण भागातील खारपट्टीत घराजवळच्या किंवा शेतातील तळ्यात जिताडा पाळण्याची रीत जुनी आहे. पावसाळ्यात खाडीतून पिल्ले धरून आणावयाची, तळ्यात सोडावयाची, आणि पुढे लग्नकार्य निघाले, पाहुणा आला किंवा पैशाची नड उभी राहिली म्हणजे पाग टाकून चार मासे काढावयाचे, असा हा व्यवहार. तळ्यात किती मासे ठेवावेत हा प्रश्न त्या काळी कोणास फारसा पडत नसे. खाडीने दिली तितकी पिल्ले, एवढाच हिशेब होता. १९९७ साली चेन्नई येथील निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले आणि पुढे बीज पैसे मोजून मिळू लागले. खाडीचा लगाम सुटला. आता आकडा शेतकऱ्याने स्वतः ठरवावयाचा आहे, आणि तो बहुधा चुकतो, म्हणजे जास्त ठरतो.

चूक समजण्यासारखी आहे. पाच गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटरचे तळे श्रावणात काठोकाठ भरलेले असते. त्यात बोटभर लांबीची हजार पिल्ले सोडली तरी पाणी रिकामेच दिसते. दहा ग्रॅमचे एक पिल्लू धरले, तर हजार पिल्लांचे वजन अवघे दहा किलो भरते. परंतु हीच पिल्ले जगली आणि वैशाखात अर्ध्या किलोची झाली, तर तळ्यात पाचशे किलो मासळी होते. भार पन्नासपट वाढतो. पाणी मात्र वाढत नाही, उलट आटते. उन्हाने दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर दीडशे दिवसांत पाऊण मीटर पाणी जाते. दीड मीटर खोलीच्या तळ्यात तेव्हा निम्मेच पाणी उरते, आणि काठ उतरते असल्यास निम्म्याहूनही कमी. तळ्याचे माप श्रावणात घ्यावयाचे नसून वैशाखात घ्यावयाचे असते, ही साधी गोष्ट बीज खरेदी करताना विसरली जाते.

त्यात खाऱ्या पाण्याची आणखी एक अडचण आहे. पाणी उडते, मीठ उडत नाही. लिटरमागे वीस ग्रॅम क्षार असलेले पाणी निम्म्यावर आले की त्यात चाळीस ग्रॅम होतात. समुद्रात सुमारे पस्तीस असतात. जिताडा काटक मासा आहे, गोडे व खारे दोन्ही पाणी तो सोसतो. पण पाणी जितके खारे तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. तीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू विरघळतो, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात सुमारे सहाच. गोड्या पाण्यातील कटला-रोहूचे प्रमाण खाऱ्या तळ्यास लावणारे हा पाचवा हिस्सा आधीच गमावून बसतात. रात्री तळ्यातील शेवाळ व सूक्ष्म वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले, म्हणजे आकडा चुकल्याची पावती मिळाली असे समजावे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि पाण्याचा सामू एकाने वाढला की त्यातील विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. खाऱ्या पाण्याचा सामू बहुधा आठाच्या आसपास किंवा वरच असतो.

यावर अनुभवी शेतकऱ्याचे एक उत्तर ठरलेले असते: थोडी मरणारच, म्हणून जास्त सोडावी. भाताच्या रोपांत दाट पेरून विरळणी करणाऱ्याच्या तोंडी हे शोभते. जिताड्याच्या बाबतीत ते लागू पडत नाही. जिताडा आपल्याच भावंडांस खातो. स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठे पिल्लूदेखील तो गिळतो. दाटी झाली, खाद्य अपुरे पडले, की थोडी मोठी पिल्ले बाकीच्यांवर वाढतात, अधिक मोठी होतात आणि अधिक खातात. जास्तीचे बीज म्हणजे महागड्या बीजाचे खाद्य! यापेक्षा आठ-दहा सेंटिमीटर लांबीची, सारख्या मापाची, निवडलेली पिल्ले थोडी घेणे स्वस्त पडते. ती एकेक महाग असली तरीही.

मग आकडा कोणता? तळ्यात चिलापीसारखे खाद्यमासे आधी वाढवून त्यांच्यावर जिताडा पोसावयाचा असेल, तर हेक्टरी तीन ते पाच हजार पिल्ले हे प्रमाण रूढ आहे. पाच गुंठ्यांस त्याप्रमाणे दीडशे ते अडीचशे येतात. ज्या तळ्यात उघाडीतून भरतीचे पाणी घेता येत नाही, त्याने दीडशेच्या बाजूस राहावे. याहून दाट संवर्धन होत नाही असे नाही. परंतु त्यास पाणी बदलण्याची सोय, हवा मिसळणारे यंत्र आणि रोजचे खाद्य लागते. वाढत्या माशास त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के बारीक मासळी रोज द्यावी लागते. तीनशे ग्रॅमचे दोनशे मासे असतील तर ती तीन किलो होते, हजार असतील तर पंधरा किलो. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना पंधरा किलो मासळी रोज कोठून आणणार, हे बीज घेण्यापूर्वी घरात बसून ठरवावे. दाटीचा आणखी एक धोका कोळंबीवाल्यांनी पाहिलेला आहे. १९९४-९५ साली पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, तेव्हा दाट भरलेली तळी पाहता पाहता रिकामी झाली. रोग विषाणूचा होता हे खरे, पण त्यास एका जीवाकडून दुसऱ्याकडे जाण्यास दाटीने वाट सोपी केली.

यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम पुष्कळदा वाटलेल्या बीजाच्या संख्येवर मोजले जाते. हजार पिल्ले वाटली की अहवालात हजार येतात. वैशाखात किती निघाली याचा रकानाच नसतो. ज्याने दीडशे पिल्ले घेण्याचा सल्ला दिला व त्यांतील सव्वाशे मासे शेतकऱ्याच्या हाती आले, तो कार्यकर्ता कागदावर मागे पडतो. हा रकाना वरून येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कार्यकर्त्याने आपल्या वहीत प्रत्येक तळ्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: वैशाखातील पाण्याची खोली, सोडलेली पिल्ले, काढलेले मासे, आणि त्यांचे एकूण वजन. दुसऱ्या वर्षी बीज मागण्यास येणाऱ्या शेतकऱ्यापुढे ती वही उघडून ठेवावी, आणि आकडा त्यालाच सांगू द्यावा.