बंदुकीचा नेम का विखुरतो?

वलगावच्या एका वाचक-कुटुंबाकडून आलेले पत्र या महिन्यात आम्ही विचारासाठी घेतले आहे. घरातील वडील काकांजवळ रीतसर परवान्याची ०.२२ इंची रायफल असून, नेमबाजी मंडळाच्या मैदानावर ५० मीटरांवरून निशाण मारण्याचा त्यांचा परिपाठ जुना आहे. पूर्वी त्यांच्या पाच गोळ्यांची छिद्रे एका रुपयाच्या नाण्याने झाकत; गेल्या पावसाळ्यापासून ती तळहाताएवढ्या जागेत पसरू लागली. त्यावरून घरात तीन पक्ष पडले आहेत. धाकटे बंधू म्हणतात, नळी झिजली, बंदूक काढून टाकावी. पुतण्यांचे मत, काकांची नजर गेली. तिसरा पक्ष असा की, निशाणाचा नाद सोडून हीच बंदूक तुरीत शिरणाऱ्या रानडुकरांवर चालवावी. काका स्वतः काही बोलत नाहीत, मैदानावर मात्र जाईनासे झाले आहेत. पत्र लिहिणाऱ्या सूनबाईंनी आमच्याकडे निवाडा मागितला आहे.

तिन्ही पक्षांनी निकाल आधी दिला आणि चौकशी मागे ठेवली, असे आम्हांस वाटते. प्रथम दोन दोषांतला भेद पाहावा. पाचही गोळ्या एकमेकींजवळ, परंतु मध्यबिंदूपासून दूर पडल्या, तर बंदूक निर्दोष आहे. केवळ नेमाची योजना जुळवून घ्यावयाची आहे. गोळ्या एकमेकींपासूनच फाकल्या, तर मात्र रोग निराळा. तीन गोळ्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. पाच-पाच गोळ्यांचे निदान चार कागद तारीख घालून जपून ठेवावेत. ते वाचता आले म्हणजे अर्धे निदान झाले. छिद्रांचे दोन वेगळे पुंजके दिसले, तर काहीतरी सैल आहे. नळी तापत जाईल तशी छिद्रे एकाच दिशेने सरकली, तर लाकूड नळीला कोठे तरी रेटते आहे. ती आडवी पसरली, तर वारा किंवा चापावरचे बोट. उभी पसरली, तर श्वास, टेकण किंवा काडतुसांची असमान शक्ती.

यानंतर माणूस आणि यंत्र यांची अदलाबदल करावी. मंडळाच्या शिक्षकांनी काकांची रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून चालवावी, आणि काकांनी त्याच पिशवीवरून मंडळाची एखादी खात्रीची रायफल चालवावी. पिशवी दस्त्याच्या पुढच्या लाकडाखाली असावी, नळीखाली कदापि नसावी. शिक्षकांच्या हातीही छिद्रे फाकली आणि काकांची दुसऱ्या रायफलीवर जमली, तर पुतण्यांनी आपले शब्द मागे घ्यावेत. उलट घडले, तर सत्य मोकळेपणाने स्वीकारावे. ज्यांच्या हातात बंदूक शोभत होती त्या वडीलधाऱ्या माणसास केवळ तर्काने निकालात काढणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

दोष बंदुकीत आहे असे ठरले, तर तपासाचा क्रम असा ठेवावा. हात लावण्यापूर्वी काडतूस काढून नळी रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी करावी. मग नळी व लाकूड जोडणारे स्क्रू, आणि त्यानंतर माशी, मागची खाच किंवा दुर्बीण यांचे स्क्रू पाहावेत. सैल स्क्रू हा अत्यंत सामान्य आणि सर्वांत स्वस्त दोष होय. पुढे लाकडाकडे वळावे. वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ अंशांवर चढतो आणि श्रावणात हवा ओलीचिंब असते. अशा ठिकाणी लाकडी दस्ता सुकतो, फुगतो, प्रसंगी वाकतो. नळी लाकडापासून मोकळी ठेवलेली असेल, तर दोहोंमधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. पूर्वी सहज जाणारी पट्टी आता अडत असेल, तर पावसाळ्यापासून नेम का बिघडला याचे उत्तर बहुधा तेथेच मिळेल. लाकूड तासण्याचे काम घरी करू नये. परवानाधारक कारागिराकडेच बंदूक द्यावी.

नळी झिजल्याची शंका शेवटची ठेवावी. या जातीच्या काडतुसात मऊ शिशाची, सुमारे अडीच ग्रॅमची गोळी व अत्यल्प दारू असते. हजारो गोळ्यांनीही नळी सहसा निकामी होत नाही. तिचे नुकसान अधिक करून साफसफाईच्या अतिउत्साहाने होते. तोंडाकडून घातलेला गज कडेला घासतो, आणि गोळी नळी सोडते त्या क्षणी कड सर्व बाजूंनी सारखी नसली, तर वायूचा धक्का गोळीला एका बाजूस ढकलतो. म्हणून गज शक्यतो मागून घालावा. नळी नुकतीच घासून काढली असेल, तर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत.

काडतुसांचा विचार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच रायफलीत एका बनावटीची काडतुसे जुळतात, दुसरीची फाकतात. शिवाय ध्वनीहून वेगाने निघालेली हलकी गोळी वाटेत वेग घटून ध्वनीच्या खाली येताना डळमळते. म्हणून निशाणासाठी मंद वेगाची काडतुसे पसंत करतात. काकांनी पावसाळ्यात नवी पेटी उघडली होती काय, हे आठवून पाहावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काडतूस, स्क्रू आणि टेकण एकाच दिवशी बदलल्यास गुण कशाने आला हे कधीच कळणार नाही.

ही छोटी रायफल किती अचूक असू शकते याचा दाखला आपल्याच प्रांतातला आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच ०.२२ इंची रायफलीने, याच ५० मीटरांवर, तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते.

आता नजरेविषयी. वयपरत्वे जवळचे अस्पष्ट होते, त्यामुळे निशाण स्वच्छ दिसते पण माशी धूसर होते. चाळिशीचा चष्मा त्या अंतरासाठी केलेला नसतो. नेत्रवैद्यांस माशीचे अंतर मोजून सांगितल्यास योग्य भिंग मिळू शकते. मोतीबिंदू असल्यास तोही वेळीच कळेल. इतके करूनही नेम स्थिरावला नाही, तर काकांनी आपण होऊन थांबावे. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, हे विसरता येत नाही.

तिसऱ्या पक्षास आमचा स्पष्ट विरोध आहे. तुरीची नासाडी किती जीव जाळणारी असते हे आम्ही जाणतो. तथापि ०.२२ ची गोळी रानडुकरास ठार करण्याइतकी समर्थ नाही. ते जखमी होऊन पळेल, आठवडाभर कुजत मरेल किंवा पहाटे शेतात आलेल्या बाईमाणसावर उलटेल. आणि चुकलेली गोळी पलीकडच्या धुऱ्यावर जागलीला बसलेल्या कोणाच्या तरी लेकराच्या दिशेने जाईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगीवाचून रानडुकराची शिकार हा गुन्हा होय. नुकसानीचा पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाई मागावी. जत्रांतील पशुबळीविरुद्ध आयुष्यभर झटलेल्या गाडगेबाबांनी १९५६ साली वलगावजवळ पेढीच्या काठीच देह ठेवला; त्या गावच्या लोकांस मुक्या जिवाचे हाल आम्ही वेगळे सांगावयास नकोत.

सूनबाईंनी काकांस एवढा निरोप द्यावा की, येत्या रविवारी मैदानावर जाताना कागदाची पट्टी आणि पेन्सिल बरोबर न्यावी, व पुतण्यांपैकी एकास निशाणाचे कागद मोजावयास सोबत घ्यावे. तूर्त इतकेच.