उतरवलेला गिलावा

दसरा उलटला की अमरावतीच्या राजापेठेत माळ्यावरचं सामान अंगणात येतं आणि रंगाऱ्यांना भाव चढतो. पूर्वी चिमूटभर नीळ घालून चुन्याचा हात फिरे, आता डिस्टेंपर. वरचा थर झिजणार, तो पुन्हा चढवायचा, यात कुणाला विशेष वाटत नाही. जुन्या वास्तूंपाशी आलो की मात्र हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. यंदाचा अंक जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीवर आहे, आणि सुरुवात एका चर्चने करतो आहोत. लक्ष्मीपूजनाच्या अंकात चर्च कशाला, असं विचारणाऱ्यांनी दोन परिच्छेद धीर धरावा.

जुन्या गोव्याचं बॉम जेझूस 1594 साली बांधायला घेतलं आणि 1605 साली पूर्ण झालं. ‘गोंयचो सायब’ संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथेच चांदीच्या पेटीत आहेत. (आपल्या अमरावतीचं कॅथेड्रलही याच संताच्या नावाचं, 1955 साली नागपूरपासून वेगळ्या झालेल्या धर्मप्रांताचं.) भिंती जांभ्या दगडाच्या, कोरीव खांबांसाठी काळा दगड मात्र वसईहून नेलेला. म्हणजे गोव्याच्या या चर्चमध्ये आपला सह्याद्रीही उभा आहे.

जांभा सच्छिद्र. पाणी पितो, धरून ठेवतो, आणि वर्षानुवर्षं ओला-कोरडा होत राहिला की त्यातली माती सुटू लागते. हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वर चुन्याचा गिलावा दिला. पावसाचा मार गिलाव्याने खायचा, दगडाने नाही. 1950च्या दशकात बाल्टझार कास्त्रो या पोर्तुगीज तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बाहेरचा तो गिलावा खरवडून काढला गेला. इमारत प्राचीन आहे तर प्राचीन दिसली पाहिजे, हा हट्ट! तेव्हापासून कोकणपट्टीचा पाऊस थेट दगडावर पडतो आहे. 2020 साली तिथल्या रेक्टरनीच हा प्रश्न जाहीरपणे मांडला. पण आता दोन-तीन पिढ्यांनी ते तांबडंच पाहिलेलं. पर्यटनाच्या पोस्टरवर तांबडं, घरातल्या फोटोत तांबडं. गिलावा द्या म्हटलं की ‘मूळ रूप बिघडेल’ अशी ओरड होते. मूळ रूप कोणतं, हे कुणी विचारत नाही. आमचं मत विचाराल तर गिलावा परत चढवावा, आणि तोही चुन्याचाच. सिमेंट ओल आत कोंडतं, चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

दुर्लक्षाचा हिशेब पाहायचा तर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर संत ऑगस्टिनचा मनोरा आहे. 1835 साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला, 1842 साली छत बसलं आणि 1931 साली दर्शनी भाग मनोऱ्याचा अर्धा भाग घेऊन कोसळला.

आता वऱ्हाडात या. इथे उलटाच कारभार. हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणाला अंगरख्याची गरज नाही, त्याला भाविक वर्गणी काढून ऑइल पेंट चढवतात: खांब गुलाबी, यक्ष पिवळे, द्वारशाखेवरची नाजूक वेल तीन थरांखाली बुजलेली. आणि ज्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना चुन्याचं पांघरूण हवं, तिथे सिमेंट थापून मोकळे. दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात आणि मग ‘वाडा पाडून फ्लॅट’ची बोलणी सुरू होतात. दोष भिंतीचा ठरतो, गवंड्याचा कधीच नाही.

खरी अडचण पैशांची नाही, हातांची आहे. चुना भिजवून मुरवायचा, घाणीत मळायचा, गूळ-बेलफळाचं पाणी किती घालायचं ते बोटांनी ओळखायचं, हे करणारे गवंडी उतारवयात आहेत आणि त्यांची पोरं टाइल्सच्या कामावर. अशा काही कारागिरांना आम्ही या अंकात बोलतं केलं आहे. त्यांनी सांगितलेली चुना मुरवण्याची कृती शेवटच्या पानांवर आहे, अनारशांच्या कृतीशेजारी. दोन्हींत मुरवणं आहे. प्रमाणांची गल्लत करू नये, ही विनंती.