त्याग कोणाचा?

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. घर सोडून लोकांसाठी झिजलेल्या माणसापुढे हात जोडणे आम्हां वऱ्हाडकरांच्या अंगवळणी पडले आहे. त्यात गैर काही नाही. गैर हे, की संतांची ही मोजपट्टी आपण ज्ञानोपासकांनाही डोळे मिटून लावतो.

वलगावशेजारच्याच अमरावतीत शिकलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे याचे ठळक उदाहरण. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड त्यांनी १९२९पर्यंत तडीस नेले. मराठीवरचे हे ऋण कोण नाकारील? परंतु साहित्याच्या वर्गात या कार्याचे वर्णन एकाच शब्दात उरकले जाते: त्याग. कोशापायी पैसा गेला, प्रकृती गेली, १९३७मध्ये केतकर हलाखीतच गेले. आणि आपण सद्गदित होतो.

माझा आक्षेप नेमका या शब्दाला आहे. त्याग स्वतःच्या मालकीच्या गोष्टीचा करता येतो. लंडनमध्ये परिचय झालेल्या एडिथ कोह्न १९२०मध्ये केतकरांशी विवाह करून शीलवतीबाई झाल्या. आपले जग मागे ठेवून आलेल्या या स्त्रीचा संसारातील स्वास्थ्यावर काहीच हक्क नव्हता काय? संन्यासी निदान घराचा उंबरठा ओलांडून जातो. ज्ञानवेडा घरात राहून घरच इंधनासारखे वापरतो. मराठी कोशाचा भार पुरेसा नव्हता म्हणून की काय, केतकरांनी गुजराती ज्ञानकोशाचाही डाव मांडला. हिला केवळ समाजसेवा म्हणावे, की थांबणे ठाऊक नसलेली महत्त्वाकांक्षा?

शीलवतीबाईंची या साऱ्याला संमती होती, असे कोणी म्हणेल. असेलही. पण ज्या संसारात नकाराला जागाच उरत नाही, तिथल्या संमतीचे मोल किती? विश्वासघात हा शब्द कठोर वाटेल. तथापि दुसऱ्याच्या वाट्याचे आयुष्य न विचारता खर्च करण्याला सौम्य शब्द मला सापडत नाही.

आणि आपण अभ्यासकही या व्यवहारात निर्दोष नाही. विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास इंग्रजीतून वाचणाऱ्या किती प्राध्यापकांना ठाऊक असते, की त्यातील 'मिसेस एस. केतकर' म्हणजे याच शीलवतीबाई? १९६९मध्ये त्यांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या, 'मीच हे सांगितलं पाहिजे' या नावाने. त्या शीर्षकातला 'मीच' आपल्याला उद्देशून आहे. इतर कोणी सांगणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

ज्ञानकोशाला वंदन जरूर करावे. मात्र त्याच तासाला शीलवतीबाईंचे पुस्तकही वर्गात उघडावे. तोवर 'त्याग' हा शब्द आपण उसना घेतलेला आहे.